एक्क्यांची जोडी आणि सोमवारची मीटिंग

पोकर खेळणाऱ्या माणसाला 'काल रात्री काय झालं?' असं कधीही विचारू नका. प्लीज! कारण तो सांगतो. 'अगं, माझ्याकडे एक्क्यांची जोडी, त्याच्याकडे राजांची...' इथून सुटलेली गाडी वीस मिनिटांनी 'आणि शेवटचं पान निघालं राजा!' या स्टेशनावर येऊन थांबते. तोवर तुमचा चहा गार, लंच-ब्रेक खलास. दुसऱ्याला पडलेलं स्वप्न, दुसऱ्याच्या फ्लॅटचं रखडलेलं पझेशन आणि दुसऱ्याचा हरलेला डाव, या तीन गोष्टींत जगात कुणालाही इंटरेस्ट नसतो.

पोकरवाल्यांच्या भाषेत या दुखण्याला 'बॅड बीट' म्हणतात. डाव तुमचा, हिशेब तुमचा बरोबर, आणि पैसे घेऊन जातो समोरचा. आपल्याकडे 'दैव देतं आणि कर्म नेतं' म्हणतात ना, त्याच्या बरोबर उलट. इथे कर्म देतं आणि दैव नेतं! मारिया कोनिकोवा नावाच्या लेखिकेनं मानसशास्त्रात पीएच.डी. केली, पत्रकारिता केली आणि मग पोकर शिकायला घेतलं. २०१८ मध्ये तिनं एक मोठी टूर्नामेंट जिंकली, २०२० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. तिचा गुरू एरिक सायडेल. हा माणूस पोकरमधला मुरलेला दिग्गज. त्यानं तिला एक नियम घालून दिला होता: कसं खेळलीस ते विचार, पण कशी हरलीस याची रडकथा मला सांगायची नाही.

आमच्या कट्ट्यावर हाच नियम जरा मराठी पद्धतीनं लागू आहे. ज्याला रडकथा सांगायची त्यानं आधी सगळ्यांच्या कटिंगचे पैसे द्यायचे. या एका नियमानं आमच्या मैत्र्या वाचवल्यात, बॉस!

तर मंडळी, आज मी माझे हरलेले डाव सांगणार नाही. डोकं नेमकं कशानं फिरतं, ते सांगणार आहे. कारण २०२० च्या लॉकडाउनपासून ऑगस्ट २०२५ पर्यंत, म्हणजे भारतातली पैशांची ऑनलाइन टेबलं बंद होईपर्यंत, रविवार रात्रीची टूर्नामेंट हा माझा कार्यक्रम होता. महिन्याचं बजेट ठरलेलं: मल्टिप्लेक्सचं एक तिकीट, पॉपकॉर्न आणि येता-जाता रिक्षा. तेवढेच पैसे, त्यावर एक रुपया नाही. तरीही सोमवारी सकाळी फोनवर एखाद्या संपादकानं 'काय, बरी आहेस ना?' असं विचारावं, इतका आवाज बसलेला असायचा. पैसे किरकोळ, वैताग मात्र फुल साइझ. असं का?

हातातोंडाशी आलेला घास

ज्यांनी फक्त दिवाळीतली तीन पत्ती खेळली आहे त्यांच्यासाठी दोन मिनिटांचा क्लास. टेक्सस होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पानं मिळतात, पालथी. मधोमध पाच पानं सगळ्यांसाठी उघडतात: आधी तीन, मग एक, मग एक. या सातातून ज्याची पाच पानं सगळ्यात भारी, त्याचा डाव. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे, वाढवायचे किंवा पानं टाकून गप्प बसायचं. झालं. नियम शिकायला एक संध्याकाळ पुरते. उरलेला जन्म गप्प बसायला शिकण्यात जातो.

टूर्नामेंटची गंमत वेगळी. तिथे तुम्ही प्रवेश फी भरता आणि बदल्यात चिप्स मिळतात. या चिप्स म्हणजे पैसे नव्हेत, तो तुमचा श्वास. संपला की घरी. शिवाय 'ब्लाइंड्स' नावाची सक्तीची बोली दर काही मिनिटांनी वाढत जाते. म्हणजे चांगल्या पानांची वाट बघत निवांत बसावं, तर बसल्याजागी चिप्स झिजतात. घरभाडं दर दहा मिनिटांनी वाढतंय आणि पगार मात्र लॉटरीनं ठरतोय, असं समजा.

आता बक्षिसाचा हिशेब बघा. समजा, हजार जणांनी ५५० रुपये भरले. त्यातले ५० साइटचे, ५०० बक्षिसाच्या कुंडीत. कुंडी झाली पाच लाखांची. मोठ्या टूर्नामेंटमध्ये साधारण सात-आठांतल्या एकालाच पैसे मिळतात. म्हणजे इथे समजा १४० जणांना. त्यातल्या शेवटच्यांना मिळतात जेमतेम दुप्पट पैसे. खरी मलई वरच्या आठ-नऊ जणांत. थोडक्यात, संध्याकाळी सातला बसलेल्या हजारांपैकी ८६० जण हात हलवत परत जाणार, हे आधीपासून ठरलेलं असतं. चांगला खेळाडूसुद्धा बहुतेक रात्री हरतो. आठवड्यातून एकदा दहावीचा निकाल लागावा आणि त्यात दर वेळी शंभरातले शहाऐंशी नापास व्हावेत, तसं हे.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे 'बबल'. पैसे १४० व्या नंबरापर्यंत आहेत आणि उरलेत १४१ जण. कुणालाच बाहेर पडायचं नसतं. सगळं टेबल एकदम सोवळं होतं. ज्याच्याकडे चिप्सचा ढीग आहे तो दर डावाला दमदाटी करतो आणि बाकीचे छक्की-सत्तीची बरी जोडीही टाकून देतात. तुम्ही चार तास डोळ्यांत तेल घालून बसलेले असता. आणि नेमके तुम्हीच १४१ वे होता. स्क्रीनवर एक छोटी चौकट उघडते: तुमचा क्रमांक १४१. बक्षीस शून्य. धन्यवाद!

माझ्यासारख्या फ्रीलान्सरला हे फीलिंग ओळखीचं आहे म्हणा. चार दिवस खपून लेख लिहायचा, आणि मग उत्तर यावं की 'छान झालाय, पण या अंकात जागा नाही.'

ऐंशी टक्के म्हणजे किती?

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक लोचा आहे. ऐंशी टक्के म्हणजे आपल्याला 'नक्की' वाटतं. हवामान खात्यानं ऐंशी टक्के पाऊस सांगितला की आपण छत्री घेतो, आणि पाऊस नाही पडला की खात्याला हसतो. पण ऐंशी टक्के म्हणजे पाचातून एकदा नाही. एवढंच.

पोकरमध्ये एक्क्यांची जोडी ही सगळ्यात भारी सुरुवात. ती मिळते सरासरी २२१ डावांतून एकदा. समोर राजांची जोडी असेल आणि दोघांनीही सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या, तर एक्केवाला साधारण ८१-८२ टक्के वेळा जिंकतो. मस्त ना? आता टूर्नामेंट जिंकायला असा एकच डाव जिंकून भागत नाही. समजा, रात्रभरात पाच वेळा तुमचं सर्वस्व पणाला लागलं. पाचही वेळा तुम्ही ८० टक्क्यांनी पुढे आहात. पाचही वेळा समोरच्याकडे तुमच्याइतक्या किंवा जास्त चिप्स आहेत. पाचही डावांतून जिवंत सुटण्याची शक्यता किती? ऐंशी गुणिले ऐंशी करत जा... ३३ टक्क्यांच्याही किंचित खाली! म्हणजे एकही चूक न करता, पाचही वेळा वरचढ असूनही, तीनपैकी दोन रात्री तुम्ही बाहेर. माझ्या रूममेटला मी हे कागदावर मांडून दाखवलं, तर ती म्हणाली, 'मग तू झोपत का नाहीस?' बॅंकेत क्रेडिट रिस्कमध्ये काम करते ती. तिच्याकडे उत्तरं कमी आणि प्रश्न जास्त असतात.

आणि ऑनलाइन हा सगळा त्रास पाचपटीनं, दहापटीनं अंगावर येतो. गोव्यात मांडवीतल्या तरंगत्या कॅसिनोत समोरासमोर खेळताना तासाला पंचवीस-तीस डाव होतात. कुणीतरी पत्ते पिसतो, वाटतो, चिप्स मोजतो, मध्येच कुणीतरी सँडविच मागवतो. ऑनलाइन एका टेबलावर तासाला साठ-सत्तर डाव सहज होतात, आणि लोक चार-चार टेबलं एकदम उघडून बसायचे. म्हणजे समोरासमोरच्या खेळात सात-आठ तासांतून एकदा येणारी एक्क्यांची जोडी ऑनलाइन चार टेबलांवर तासाभरात एकदा यायची. जितक्या वेळा येणार तितक्या वेळा फुटणार! दोन वर्षांत जेवढे अपमान पचवायचे, तेवढे दोन महिन्यांत गिळायचे. माणसाचं मन या स्पीडला बनलेलंच नाही.

वर आपली मेमरीही पक्षपाती. एक्के जिंकले की 'जिंकणारच होते', म्हणून विसरतो. हरले की तारीख, वार आणि समोरच्याचं टोपणनाव पाठ!

'सगळा झोल आहे, भाई!'

हरलेल्या प्रत्येक माणसाचं चॅटमध्ये एकच वाक्य असायचं: सॉफ्टवेअरच सेट आहे. (आणि समोरचा कायम 'भाई'च असतो. माझ्या टोपणनावावरून काहीच कळत नसल्यामुळे मी पाच वर्षं अनेकांची भाई होते. जिंकले की 'लकी है भाई', हरले की 'नाइस हँड सर'. एकदा चुकून 'मी हरले' असं टाइप केलं, तर टेबलावर दोन मिनिटं शांतता आणि मग तिघांनी एकदम विचारलं, 'आप कहाँ से?')

या आरोपाला इतिहासात अगदीच आधार नाही असं नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या काही सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी एका ऑनलाइन पोकरच्या प्रोग्रॅममध्ये पत्ते कसे पिसले जातात ते तपासलं. बावन्न पानं ज्या वेगवेगळ्या क्रमांनी लागू शकतात त्यांची संख्या ६८ आकडी आहे. हा प्रोग्रॅम मात्र जास्तीत जास्त चारेकशे कोटी क्रमच तयार करू शकत होता, आणि तेही कॉम्प्युटरच्या घड्याळावर अवलंबून. घड्याळाची वेळ जुळवली की उरायच्या सुमारे दोन लाख शक्यता. मग स्वतःची दोन आणि मधली उघडलेली पानं टाकली की पुढची सगळी पानं त्यांना दिसायची! ते प्रामाणिक निघाले. त्यांनी जाहीर सांगितलं आणि प्रोग्रॅम दुरुस्त झाला.

२००७ चा किस्सा याहून फिल्मी. अ‍ॅब्सोल्यूट पोकर नावाच्या साइटवर एका खात्यानं मोठी टूर्नामेंट जिंकली. खेळ असा की जणू समोरच्यांची पालथी पानं त्याला दिसताहेत. शेवटच्या डावात त्यानं समोरच्याची सगळ्या चिप्सची बोली स्वीकारली. हातात जोडी नाही, चित्र नाही, नुसती दश्शी! समोरच्याकडे होती नव्वी. दुसऱ्या आलेल्या खेळाडूनं साइटकडे डावांचा रेकॉर्ड मागितला, तर त्याला आली एक भलीमोठी फाइल, सगळ्यांच्या पानांसकट. खेळाडूंनी ती चाळून काढली आणि भांडं फुटलं. आतल्याच माणसाला पानं दिसत होती. तेव्हा 'झोल आहे' म्हणणारे बरोबर होते.

पण गंमत बघा, दोन्ही वेळा झोल सापडला तो आकड्यांतून, हरल्याच्या रागातून नव्हे. उरलेल्या बहुतेक रात्री सॉफ्टवेअर काहीच करत नसतं. पत्ते पिसलेले असतात आणि पिसलेल्या पत्त्यांना आपली कीव येत नाही. हे पचवणं झोल पचवण्यापेक्षा जड आहे. झोल असेल तर निदान कुणावर तरी चिडता येतं.

टिल्ट

मग माणूस काय करतो? चिडतो. याला 'टिल्ट' म्हणतात. हा शब्द आला पिनबॉलच्या मशिनवरून. चेंडू हवा तसा जात नाही म्हणून मशिनला धक्के मारले की मशिन बंद पडायचं आणि 'टिल्ट' अशी पाटी लागायची. ऑनलाइन खेळात मशिन बंद पडत नाही, इतकाच फरक. उलट पुढची टूर्नामेंट एका क्लिकवर असते आणि ती दहा मिनिटांत सुरू होणार असते. रात्री बाराला, चार तास घालवून १४१ वा आलेला माणूस डोकं शांत असताना कधीच करणार नाही ते करतो. दुप्पट फीची टूर्नामेंट उघडतो.

समोरासमोर खेळताना उठून जायला वेळ लागतो. कोट घ्या, चिप्स द्या, जेट्टीवर जा, तोवर डोकं थंड होतं. घरी बेडवर, लॅपटॉप पोटावर, उठून जाणार कुठे? समोर कुणाचा चेहरा नाही. कुणी 'चल, पुरे आता' म्हणत नाही. कुणाच्या भुवया वर गेलेल्या दिसत नाहीत. आणि मध्येच लाइट गेली तर सोन्याहून पिवळं. राउटर बंद, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॉग-इन करेपर्यंत तिकडे तुमची पानं आपोआप टाकली जाताहेत, ब्लाइंड्स कापले जाताहेत. परत येऊन बघावं तर श्वास निम्म्यावर!

माझ्या आईला यातलं काहीही कळत नसे. तिचं एकच म्हणणं: 'पत्ते खेळायचे तर चार माणसं बोलाव, मेंढीकोट खेळा. एकटीनं कसले पत्ते खेळतेस?' हसण्यावारी नेलं होतं मी तेव्हा. पण ऑनलाइन पोकरवर जाडजाड पुस्तकं वाचल्यावरही याहून नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही.

कौशल्य की नशीब?

हा प्रश्न फक्त कट्ट्यावरचा नाही, कोर्टातलाही आहे. सुप्रीम कोर्टानं १९६८ मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला आणि तीन पत्ती निव्वळ नशिबाची. पोकर मध्येच लटकलं. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यात पोकरचं नाव घेऊन ते जुगारातून वगळलंय. गुजरात हायकोर्टानं २०१७ मध्ये सांगितलं, नाही, हा नशिबाचाच खेळ.

शास्त्रज्ञांचं उत्तर वेगळंच. जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गच्या एका कॅसिनोत 'लिब्रेटस' नावाचा प्रोग्रॅम चार अव्वल खेळाडूंविरुद्ध बसला. वीस दिवस, १,२०,००० डाव. प्रोग्रॅम जिंकला, तोही मोठ्या फरकानं. म्हणजे कौशल्य आहेच! पण ते बिनतोड सिद्ध करायला किती डाव मांडावे लागले, ते बघा. आपण एका रविवारच्या दोनशे डावांवरून स्वतःला हुशार किंवा करंटे ठरवतो.

आता इथे मला एका मित्राबद्दल सांगायचंय. त्याला आपण 'इंजिनीअर' म्हणू, कारण तो तेच आहे. हिंजवडीत चांगली नोकरी होती. मला पोकर शिकवलं त्यानं. २०२२ मध्ये त्यानं नोकरी सोडली आणि पूर्ण वेळ टूर्नामेंट खेळायला लागला. छंदीफंदी माणूस नाही हं. त्याच्याकडे एक्सेल शीट होतं. प्रत्येक टूर्नामेंटची तारीख, फी, नंबर, मिळालेले पैसे. रात्री नऊनंतर कॉफी नाही, टिल्ट आला की लॅपटॉप बंद. दोन वर्षं आलेख वर जात होता. आईबाबांना त्यानं 'फ्रीलान्स डेटाचं काम' असं सांगितलं होतं आणि एका अर्थी ते खोटं नव्हतं.

मग नियम बदलत गेले. एप्रिल २०२३ पासून आर्थिक वर्षातल्या निव्वळ जिंकलेल्या पैशांवर ३० टक्के टीडीएस. ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी. म्हणजे हजार रुपये भरले की त्यातले सुमारे २१९ रुपये खेळायच्या आधीच कराचे. काही साइट्सनी बोनस देऊन तो भार काही काळ स्वतःकडे घेतला. पण कडेकडेनं कमावणाऱ्याची कड तिथेच झिजायला लागली.

२०२५ च्या सुरुवातीला त्याचा आलेख खाली वळला. सलग चारशे-साडेचारशे टूर्नामेंट्स तोटा. आणि इथे खरा छळ सुरू होतो. कारण याचे दोनच अर्थ निघतात. एक, खेळ चांगलाच आहे, नशीब वाईट चाललंय, टिकून राहा. दोन, बाकीचे शिकून पुढे गेले, तू मागे पडलास, थांब. आणि साडेचारशे टूर्नामेंट्सवरून यातला कुठला अर्थ खरा, हे गणितही ठामपणे सांगू शकत नाही! बक्षिसाची मलई वरच्या आठ-नऊ जणांत असते, त्यामुळे दोन मोठ्या रात्री आल्या की वर्षाचा आलेख पालटतो. तो म्हणायचा, 'अजून हजार खेळलो की कळेल.'

ते हजार झालेच नाहीत. २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेनं आणि २१ ला राज्यसभेनं ऑनलाइन गेमिंगचं विधेयक मंजूर केलं. २२ ला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, बंद. म्हणजे कोर्टांत अनेक वर्षं चाललेला वाद कायद्यानं बाजूलाच ठेवला. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, खेळवणाऱ्याला आहे. त्याच आठवड्यात देशी कंपन्यांनी पैशांची टेबलं बंद केली आणि खात्यातले पैसे काढून घ्या, असे मेल आले.

या कायद्याला नावं ठेवणारे माझ्या ओळखीत आहेत आणि त्यासाठी देव पाण्यात घालून बसलेल्या आयासुद्धा. कर्जबाजारी झालेली घरं खोटी नाहीत. माझ्या रविवारच्या पॉपकॉर्नएवढ्या पैशांवरून त्या घरांचं दुःख मोजण्याइतकी मी शहाणी नाही. काहीजण परदेशी साइट्सवर वळले, गपचूप. तिथे काही झोल झाला तर दाद कुणाकडे मागणार, हा प्रश्न त्यांना विचारला की ते विषय बदलतात.

इंजिनीअर तिकडे गेला नाही. त्यानं सीव्ही काढला. तीन वर्षांची गॅप. पहिल्या दोन इंटरव्ह्यूत त्यानं 'अपस्किलिंग' सांगितलं. तिसऱ्यात खरं सांगितलं. समोरच्या बाईंनी विचारलं, 'मग, तुम्ही जिंकत होतात की हरत होतात?' तो म्हणाला, 'मॅडम, दोन वर्षं जिंकत होतो, सहा महिने हरत होतो, आणि या दोन्हींतलं खरं कुठलं हे कळायच्या आत खेळ संपला.' त्यांनी म्हणे पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं.

निकाल आणि निर्णय

पोकरमधून मला काय मिळालं, असं कुणी विचारलं तर पैशांचं उत्तर बोअरिंग आहे. पाच वर्षांचा हिशेब मल्टिप्लेक्सच्या एका सीझन-पासाएवढा मायनस. बाकी मिळाला तो एक फंडा. निकाल आणि निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगला निर्णय घेऊनही हरता येतं आणि गाढवपणा करूनही जिंकता येतं. निकालावरून निर्णयाला मार्क देण्याच्या सवयीला पोकरवाले 'रिझल्टिंग' म्हणतात. अ‍ॅनी ड्यूक या माजी खेळाडूनं २०१८ मध्ये आलेल्या पुस्तकात हा शब्द कॉर्पोरेट जगात नेला आणि तिथे तो चपखल बसला. बसणारच! आपलं अप्रेझल म्हणजे दुसरं काय असतं? क्लायंटचं बजेट वाढलं म्हणून एक जण 'स्टार परफॉर्मर', क्लायंटच बुडाला म्हणून शेजारच्या क्यूबिकलमधला 'नीड्स इम्प्रूव्हमेंट'. दोघांनीही तेच काम केलेलं असतं, तितक्याच रात्री जागून.

फरक इतकाच, की पोकरमध्ये डाव संपल्यावर पानं उघडतात. ऐंशी टक्के होते की वीस, हे नंतर तपासता येतं. नोकरीत, नात्यात, शहर बदलण्यात पानं कधीच पूर्ण उघडत नाहीत. आणि तिथे एक लाख वीस हजार डावही मिळत नाहीत. फार तर चार-पाच मिळतात. त्यातला एखादा मध्येच बंद पडतो.

म्हणून हल्ली मी कट्ट्यावरच्या नियमाकडे जरा वेगळ्या नजरेनं बघते. रडकथा ऐकायच्या नाहीत हे ठीकच. त्यानं खेळ सुधारत नाही. पण काही डाव असे असतात की त्यात सुधारायला काही उरलेलंच नसतं. ते फक्त सांगायचे असतात.

गेल्या शनिवारी इंजिनीअर आला. आल्याआल्या टपरीवाल्याला शंभरची नोट दिली. आम्ही पाच जण होतो, कुणी काही बोललं नाही. मी बाकड्यावर सरकून जागा केली आणि म्हटलं, 'हं, सांग. एक्क्यांची जोडी होती. मग?'